गार्सिया द ऑर्ता: गोव्यात आलेला वैद्य झाडापाल्याकडे कसा वळला

डॉक्टर म्हणून परदेशात गेलेला माणूस मागे नाव ठेवून जातो ते वनस्पतींच्या अभ्यासामुळे, अशी उदाहरणं विज्ञानाच्या इतिहासात पुष्कळ सापडतात. त्यात आश्चर्य वाटण्यासारखं फारसं नाही. एकोणिसाव्या शतकापर्यंत औषधांचं कपाट म्हणजे बहुतांशी वाळलेली मुळं, साली, बिया आणि चीक. वैद्याला झाडं ओळखता यावीच लागत. प्रश्न असा की नुसतं ओळखण्यापुरतं न थांबता काहीजण पुढे का गेले, आणि त्यात देशांतराचा वाटा किती?

यासाठी एकच प्रकरण नीट उलगडून पाहू. गार्सिया द ऑर्ता, पोर्तुगीज वैद्य, १५३४ मध्ये गोव्यात उतरला आणि १५६८ मध्ये तिथेच वारला. त्याच्याविषयी आपल्याकडे बहुतेक वेळा ‘मुंबई बेट भाड्याने घेणारा पोर्तुगीज’ एवढंच बोललं जातं. ते खरं आहे, पण त्याच्या आयुष्यातली ती तशी किरकोळ बाब. गोवा, अहमदनगर, वसई आणि मुंबई या टापूत बसून त्याने आशियातल्या औषधी वनस्पतींवर जो ग्रंथ लिहिला, त्याने युरोपातल्या वैद्यांची दीड हजार वर्षांची पुस्तकी समजूत जागोजागी उसवली.

लिस्बनपर्यंतचा माणूस

ऑर्ताचा जन्म १५०१ च्या सुमाराचा, कास्तेलो द व्हीद या स्पेनच्या सरहद्दीलगतच्या पोर्तुगीज गावातला. आईवडील मूळचे स्पेनमधले ज्यू. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकललं तेव्हा ते सरहद्द ओलांडून आले, आणि १४९७ मध्ये पोर्तुगालच्या राजाने ज्यूंचं सक्तीने धर्मांतर करवलं त्यात तेही ख्रिस्ती झाले. अशा कुटुंबांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत. कागदावर ते इतरांसारखेच ख्रिस्ती. प्रत्यक्षात संशयाची नजर कायम पाठीवर.

मुलगा हुशार होता. सालामांका आणि अल्काला या स्पेनमधल्या नामांकित विद्यापीठांत वैद्यक शिकून तो परतला. १५२६ मध्ये त्याला वैद्यकीचा परवाना मिळाला आणि १५३० पासून तो लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागला. इथवर सगळं एखाद्या सुस्थित प्राध्यापकाचं आयुष्य. मग तिशी ओलांडलेला हा माणूस सहा महिन्यांच्या, जिवावर बेतणाऱ्या समुद्रप्रवासाला का निघाला?

त्याने स्वतः दिलेलं कारण ज्ञानाची ओढ हे आहे, आणि ते खोटं मानायचं कारण नाही. पण काळ पाहायला हवा. पोर्तुगालमध्ये धर्मन्यायालय, म्हणजे पाखंडाच्या संशयावरून ख्रिस्तींवर खटले चालवणारं ‘इन्क्विझिशन’, आणण्याच्या हालचाली चालू होत्या. ते १५३६ मध्ये आलंच. नव्या ख्रिस्तींना परवानगीशिवाय देश सोडायला बंदी होती. अशा वेळी मार्तिं अफोन्सु द सोझा या बड्या सरदाराचा खासगी वैद्य म्हणून आरमारासोबत जाणं ही सरळ, सन्मानाची आणि सुरक्षित वाट होती. मार्च १५३४ मध्ये जहाजं निघाली, सप्टेंबरमध्ये गोव्याला लागली. धर्मन्यायालय लिस्बनला पोचण्याआधी ऑर्ता लिस्बनहून निसटला होता.

दवाखाना, दरबार आणि बाग

पहिली चार वर्षं सोझाबरोबर भटकण्यात गेली. १५३५ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीजांना दीवला किल्ला बांधू दिला तेव्हा ऑर्ता तिथे हजर होता. या बहादूरशहाची भांगेबद्दलची गंमत त्याने पुढे लिहून ठेवली: रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान, इराण असं कुठेही जावंसं वाटलं की आपण थोडी भांग घेतो, असं सुलतान सोझाला म्हणाला होता. १५३८ मध्ये सोझा मायदेशी परतला. ऑर्ता मागे राहिला आणि गोव्यात स्थिरावला.

व्हाइसरॉय आणि गव्हर्नर हे त्याचे रुग्ण होतेच. त्यांच्याइतकाच महत्त्वाचा रुग्ण म्हणजे अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा. या दरबारात अरबी-फारसी परंपरेतले हकीम होते आणि निजामशहाला स्वतःला वैद्यकात रस होता. ऑर्ता लिहितो की आपण त्याला रोगांची आणि औषधांची लॅटिन नावं शिकवली आणि त्याने आपल्याला अरबी. अहमदनगरच्या वाड्यात एक सुलतान आणि एक पोर्तुगीज वैद्य औषधांच्या नावांची अशी देवघेव करत बसले आहेत, हे चित्र आपल्या दख्खनच्या इतिहासात फार क्वचित काढलं जातं. निजामशहाकडून आपल्याला बारा हजारांहून अधिक पर्दाव (गोव्यात तेव्हा चालणारं नाणं) मिळाले, आणि दरवर्षी काही महिने येऊन राहण्यासाठी चाळीस हजारांची तैनात देऊ केली असता आपण ती नाकारली, हेही तो सांगतो. थोडी फुशारकी त्यात असेलच. तरी पैशाकडे पाठ फिरवणारा हा गृहस्थ नव्हता: औषधी द्रव्यं आणि रत्नं यांचा त्याचा व्यापारही चाले.

मुंबई त्याच्याकडे आली ती १५५४ च्या सुमारास. वसईचा मुलूख आणि मुंबईची बेटं १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांना मिळाली होती. त्यातलं मुंबई बेट वर्षाला सुमारे १४३२ पर्दाव खंडाने ऑर्ताला देण्यात आलं. तिथे त्याने घर बांधलं, बाग केली. तिथलं एक आंब्याचं झाड वर्षातून दोनदा फळतं, एकदा मे महिन्यात आणि एकदा वर्षअखेरीस, असं तो कौतुकाने नोंदवतो. आंब्यावरच्या संवादात तर नोकर येऊन वर्दी देतो की तुमचा मुंबईचा कूळ सिमांव तोस्कानु आला आहे, गव्हर्नरला नजराणा द्यायला आंब्याची पाटी घेऊन. होडी बांधली की मुक्कामालाच येतो म्हणतोय. वसई-मुंबईच्या परिसरातले लोकही त्याने टिपले: भात पिकवणारे कुणबी, बागा राखणारे माळी, वसुलीचं काम पाहणारे प्रभू, व्यापार करणारे पारशी. घारापुरी आणि कान्हेरीची लेणी त्याने पाहिली आणि त्यांबद्दल लिहिलं. युरोपीय माणसाने केलेल्या त्या अगदी सुरुवातीच्या वर्णनांपैकी एक.

म्हणजे बाग होती, बाजार होता, तीन-चार भाषांतले जाणकार हाताशी होते, आणि रोज तपासायला रुग्ण. लिस्बनच्या वर्गात यातलं काहीच नव्हतं.

अडचण नेमकी कोणती होती

लिस्बनच्या किंवा पॅरिसच्या वैद्याला वेलची, सुंठ, निशोत्तर, दालचिनी, हिंग ही द्रव्यं वाळलेली, मोडलेली, भेसळ झालेली मिळत. झाड कसं दिसतं, पान कसलं, कुठे उगवतं हे त्याने पाहिलेलं नसे. त्याच्याकडे होती ती पुस्तकं: पहिल्या शतकातला ग्रीक डायोस्कोरिडीस, दुसऱ्या शतकातला गॅलेन, मग अरबी ग्रंथकार आणि त्यांची लॅटिन भाषांतरं. एका भाषेतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जाताना नावांचा गुंता झालेला. चिंचेला अरबी नाव ‘हिंदी खजूर’ या अर्थाचं, म्हणून चिंच हे एखाद्या खजुरीचं फळ असावं असंही मानलं जाई. ज्याच्या दारात चिंचेचं झाड आहे त्याला यावर हसू येईल. पण ज्याला फक्त चिंचेचा गोळा मिळतो, त्याने करावं काय?

ऑर्ताचा ग्रंथ या गुंत्यावरचा आहे. तो संवादरूप आहे: पन्नासाहून अधिक संवाद, बव्हंशी द्रव्यांच्या नावांच्या वर्णानुक्रमाने, कोरफडीच्या बोळापासून पुढे. एका बाजूला स्वतः ऑर्ता, दुसऱ्या बाजूला रुआनो नावाचा, स्पेनमध्ये त्याच्याबरोबर शिकलेला, नुकताच गोव्यात उतरलेला वैद्य. रुआनो काल्पनिक आहे. तो प्रत्येक द्रव्याबाबत डायोस्कोरिडीस काय म्हणतो, गॅलेन काय म्हणतो, हे पाठ म्हणून दाखवतो आणि ऑर्ता त्याला समोरची वस्तू दाखवतो. रुआनो म्हणजे लिस्बनमध्येच राहून गेला असता तर जो ऑर्ता झाला असता तो, असं मला वाटतं; म्हणूनच या पात्राची टर कुठे उडवलेली नाही. मला डायोस्कोरिडीस आणि गॅलेनची भीती घालू नका, मी जे खरं आहे आणि जे मला ठाऊक आहे तेच सांगणार, अशा अर्थाचं ऑर्ताचं एक वाक्य नेहमी उद्धृत होतं. त्याहून मला बोलकी वाटते ती दुसरी कबुली: मी स्पेनमध्ये असतो तर गॅलेन आणि ग्रीकांविरुद्ध बोलायची माझी छाती झाली नसती.

सतरावा संवाद, जवळून

सगळा ग्रंथ चाळण्यापेक्षा एक संवाद बारकाईने पाहिला तर त्याची रीत जास्त कळते. मी सतरावा घेतो.

विषय आहे कोष्ठ, म्हणजे कुष्ठमूळ. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात ज्याला उपलेट म्हणतात ते. डायोस्कोरिडीसच्या मते याचे तीन प्रकार: अरबी, भारतीय आणि सीरियन, रंग वेगळा, वजन वेगळं, गुण वेगळे. रुआनो हे म्हणून दाखवतो. ऑर्ता विचारतो ते व्यापाऱ्याचे प्रश्न: माल कुठून येतो, कुठल्या बंदरात चढतो, कुठे उतरतो, तिथे त्याला काय म्हणतात? गुजरातेत त्याला ‘उप्लोत’ म्हणतात, मलाय लोक ‘पुचो’, अरब ‘कोस्त’. माल गुजरातेतून जहाजावर चढतो आणि अरबस्तान, इराण, तुर्कस्तान असा पांगतो. अरबस्तानातून आलेला तो अरबी, सीरियातून आलेला तो सीरियन. झाड एकच, तीन नावं वाटेतल्या बंदरांची. प्रवासात काळा पडतो, किडतो, म्हणून गुणही वेगळे भासतात.

हे तर्कशास्त्र वाचताना मजा येते, कारण त्यात वनस्पतीशास्त्र जवळपास नाहीच. हा जमाखर्चाच्या वहीतून काढलेला निष्कर्ष आहे. आणि तो बरोबर आहे.

मात्र त्याच दमात तो हे झाड माळवा आणि चितोडच्या बाजूला उगवतं असं सांगतो. ते चूक. कोष्ठ हिमालयातल्या उंच थंड प्रदेशातलं, काश्मीरच्या बाजूचं. माळव्यातून माल येत असणार, पण माळवा ही वाटेतली पेठ होती. म्हणजे डायोस्कोरिडीसने जी चूक केली, पेठेला मुलूख समजण्याची, तीच ऑर्ताने एक मुक्काम पुढे जाऊन केली! जिथवर तो स्वतः किंवा त्याचा माहीतगार पोचत होता तिथवर त्याची माहिती पक्की. त्यापुढे तोही ऐकीवावरच.

कोष्ठाची चर्चा चालू असताना एक पोऱ्या धावत येतो. दों जेरोनिमुच्या भावाला बघायला ताबडतोब चला, वेळ नसली तरी चला. दोन तासांपासून आजारी. ऑर्ता उठतो, रुआनोही सोबत जातो, आणि औषधी द्रव्यांवरचा संवाद एकाएकी रुग्णाच्या खाटेशी येऊन पोचतो.

आजार म्हणजे पटकी, आजच्या भाषेत कॉलरा. ऑर्ता सांगतो की इथले लोक त्याला ‘मोर्शी’ म्हणतात आणि आपण पोर्तुगीज ते बिघडवून ‘मोर्देशी’. अति खाण्याने होणारा आजार असा त्यांचा अर्थ. मराठी वाचकाला ही आपली मोडशी आहे हे सांगावं लागत नाही. जून-जुलैमध्ये त्याचा जोर जास्त. काकड्या खाऊन दगावलेल्या एका तरुण पाद्र्याचं उदाहरण तो देतो. नाडी खोल जाते, लागतच नाही म्हटलं तरी चालेल, अंग थंड, घाम गार, आत मात्र आग आणि न भागणारी तहान, डोळे खोबणीत गेलेले, पोटऱ्यांत गोळे, उलट्या आणि जुलाब. बहुधा चोवीस तासांत माणूस जातो. दहा तासांत गेलेलेही आपण पाहिलेत, आणि फार तर चार दिवस कोणी टिकतो. युरोपीय वैद्याने आशियातल्या पटकीचं केलेलं, ओळखता येण्याइतकं स्वच्छ वर्णन म्हणून वैद्यकाच्या इतिहासात या पानांना स्थान आहे. रुग्णाला पहिल्यांदा काय होतं, मग काय, शेवटी काय, हा क्रम आजच्या केस-पेपरमध्ये उतरवला तर फारसा बदलावा लागणार नाही.

उपचारांचा भाग तर खास. आधी तो स्वतःच्या पद्धतीचे उपचार सांगतो. मग रुआनो विचारतो, इथले वैद्य काय करतात? ते भाताची पेज देतात, मिरी आणि जिरं घालून. पायांवर डाग देतात. डोळ्यांत पिंपळी घालून रोग्यात किती धुगधुगी आहे ते पाहतात. गोळे आले की डोकं, हात, पाय पट्ट्यांनी घट्ट आवळून बांधतात. विडा खायला देतात. आणि यावर ऑर्ताचा शेरा असा की हे सगळं ओबडधोबड असलं तरी बिनबुडाचं नाही.

डाग देणं आणि डोळ्यांत पिंपळी घालणं यांचं समर्थन करायची गरज नाही. पण पटकीत माणूस मरतो तो शरीरातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे, आणि तांदळाच्या पिठापासून केलेलं मिठाचं पाणी आज जलसंजीवनीचा मान्यताप्राप्त प्रकार आहे. म्हणजे त्या यादीत सर्वांत साधी वाटणारी पेज हाच योग्य दिशेचा उपाय होता. ऑर्ताला हे कळणं शक्यच नव्हतं. त्याने फक्त ते पाहिलं आणि गाळलं नाही.

माहिती कोणाची?

इथे जरा कठोर व्हायला हवं. ऑर्ताचं ज्ञान कोणाकडून आलं? गुजराती व्यापारी, अरब-इराणी हकीम, गोव्याचे हिंदू वैद्य, माळी, आणि घरातली माणसं. स्वतःच्या औषधाने गुण येत नाही असं दिसलं की आपण इथल्या ब्राह्मण वैद्यांची औषधं वापरतो, हे तो मोकळेपणाने कबूल करतो. सोळाव्या शतकातल्या युरोपीय वैद्याने हे छापून सांगणं सोपं नव्हतं, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

पण इतक्या सगळ्या माणसांतून पुस्तकात नाव घेऊन बोलायला येतो तो एकच हिंदू वैद्य, मालुपा. तोही थोडा वेळ. आणि दुसरी अँटोनिया, घरातली गुलाम मुलगी, जिला ऑर्ता हाक मारतो आणि अमुक पान आण, तमुक फळ आण असं सांगतो. ती आणते. झाड ओळखून, हवं ते खुडून आणणारी ही मुलगी पुस्तकातल्या पंडित रुआनोपेक्षा नक्कीच जास्त जाणत होती, पण तिला कोणी काही विचारत नाही.

शंभर-सव्वाशे वर्षांनी मलबारात डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ काढला, १६७८ ते १६९३ या काळात. त्यात इट्टी अच्युतन या वैद्याचं आणि रंग भट, विनायक पंडित, आपू भट या तीन कोकणी ब्राह्मणांचं निवेदन त्यांच्या नावानिशी छापलं आहे. ऑर्तापाशी हे नाही. मालुपा कोण, कुठला, त्याची पोथी कोणती, याचा पत्ता लागत नाही. लेखक म्हणून ऑर्ता मला अतिशय आवडतो, पण या बाबतीत व्हान ऱ्हीड त्याच्यापुढे आहे.

चित्रांच्या बाबतीतही. ऑर्ताच्या मूळ ग्रंथात वनस्पतींची चित्रं नाहीत. वर्णनं आहेत, तीही एकसारखी नाहीत. हिरड्याच्या प्रकारांवर तो बारकाईने बोलतो, तर एखाद्या झाडाचं पान नासपतीसारखं म्हणून मोकळा होतो. काळी मिरी आणि पांढरी मिरी या वेगवेगळ्या वेलींच्या, असाही त्याचा समज होता; प्रत्यक्षात वेल एकच, फरक फळ पिकण्याचा आणि साल काढण्याचा. कोकमाबद्दल मात्र त्याची नोंद नेटकी: फळ आंबट, साल वाळवून तिचा व्हिनेगर करतात, काही लोक ती पोर्तुगालपर्यंत नेतात. गोव्यात ज्याला आजही भिरंड म्हणतात त्याला त्याने ‘ब्रिंदोंइश’ म्हटलंय.

आणि मधूनच तो विषय सोडून गोष्टीत रमतो. पारिजातकाला तो ‘दुःखी झाड’ म्हणतो, कारण फुलं रात्री उमलतात आणि उजाडता गळतात. एका सरदाराची मुलगी सूर्यावर भाळली, सूर्याने तिला टाकलं, तिने जीव दिला, चितेच्या राखेतून हे झाड उगवलं, म्हणून त्याच्या फुलांना सूर्य सहन होत नाही: ही कथा त्याने गोव्यात ऐकली आणि शहानिशा न करता उतरवली. लगेच पुढच्या श्वासात फुलाच्या केशरी देठांनी अन्नाला केशरासारखा रंग देतात हेही सांगितलं. हा ग्रंथ तक्त्यांतला नाही, ओट्यावर बसून केलेल्या गप्पांतला आहे. दख्खनच्या सुलतानांच्या घराण्यांपासून बुद्धिबळापर्यंत त्यात काहीही निघतं.

छापखाना आणि पुढचा प्रवास

गोव्यात पहिला छापखाना १५५६ मध्ये आला. १० एप्रिल १५६३ रोजी जुआंव द एन्देम या मुद्रकाने ऑर्ताचे ‘संवाद’ छापले. ऑर्ताला लॅटिन उत्तम येत असूनही त्याने पोर्तुगीज निवडली. छपाई गचाळ, चुका पानोपानी, आणि मागे भलीमोठी शुद्धिपत्रिका. आरंभी व्हाइसरॉयला उद्देशून एक कविता आहे, लेखकाला आश्रय द्यावा अशी विनंती करणारी. कवी होता लुईश द कामोंइश. पुढे पोर्तुगीजांचा महाकवी ठरलेल्या या माणसाची छापून आलेली ही पहिली कविता, आणि ती गोव्यात छापली गेली.

आता प्रकरणाला वळण मिळतं. १५६४ च्या सुमारास फ्लेमिश वनस्पतीतज्ज्ञ शार्ल द लेक्लूज, म्हणजे क्लुसियस, लिस्बनला आला असताना त्याच्या हाती ही प्रत पडली. त्याने तिचा लॅटिन संक्षेप केला, १५६७ मध्ये अँटवर्पच्या प्लांटँच्या छापखान्यात तो छापला, आणि युरोपभर गेला तो हाच. पुन्हा पुन्हा छापला गेला तोही हाच. क्लुसियसने संवाद काढून टाकले. रुआनो गेला, मालुपा गेला, अँटोनिया गेली, दाराशी आलेला पोऱ्या गेला. प्रत्येक द्रव्यावर नेटकी, क्रमवार टिपणं उरली आणि सोबत चित्रं आली. वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने हे बरं झालं, नाहीतर हा ग्रंथ गोव्याच्या दमट हवेत कुजून गेला असता. पण माहिती कशी मिळाली, कोणी सांगितली, कशावरून पटली हा भाग त्यात गळाला. १५७८ मध्ये क्रिस्तोबाल अकोस्ता या दुसऱ्या वैद्याने बुर्गोसला स्पॅनिशमध्ये ग्रंथ काढला, त्याचाही मोठा आधार ऑर्ताच. मूळ पोर्तुगीज पुस्तक मात्र पुन्हा छापलं गेलं ते १८७२ मध्ये, तीनशे नऊ वर्षांनी. त्यानंतर काउंट फिकाल्यु यांनी १८९१ ते १८९५ मध्ये टिपांसह चांगली आवृत्ती केली आणि १९१३ मध्ये क्लेमेंट्स मार्कहॅम यांचं इंग्रजी भाषांतर आलं.

जे पुस्तकात नाही

धर्मन्यायालयापासून ऑर्ता निसटला असं वर म्हटलं, पण ते त्याच्या मागोमाग आलं. १५४३ मध्येच गोव्यात जेरोनिमु दियश या नव्या ख्रिस्ती वैद्याला पाखंडाच्या आरोपावरून मारून जाळण्यात आलं. तेव्हा गव्हर्नर होता खुद्द सोझा, ऑर्ताचा आश्रयदाता. त्याच वर्षी ऑर्ताने ब्रियांदा द सोलीस या नात्यातल्या मुलीशी लग्न केलं. १५४७ मध्ये लिस्बनला त्याच्या दोन बहिणींना पकडण्यात आलं. सुटल्यावर त्या आणि आई १५४९ मध्ये गोव्यात त्याच्याकडे आल्या. १५६० मध्ये गोव्यातच धर्मन्यायालय स्थापन झालं. ‘संवाद’ छापून आले ते त्यानंतर तीन वर्षांनी, त्याच शहरात.

ऑर्ता १५६८ मध्ये वारला तोवर त्याला कोणी हात लावला नाही. व्हाइसरॉयचा वैद्य असण्याचा तो फायदा असावा. तो गेल्यावर लगेच बहीण कातारीना पकडली गेली आणि २५ ऑक्टोबर १५६९ रोजी तिला गोव्यात जिवंत जाळण्यात आलं. कुटुंबातल्या आणि ओळखीच्या माणसांकडून जबान्या काढल्या गेल्या: गार्सिया शेवटपर्यंत मोझेसचा, म्हणजे ज्यूंचा, धर्म खरा मानत होता. त्या जबान्यांच्या आधारे ४ डिसेंबर १५८० रोजी त्याची हाडं उकरून काढून जाळण्यात आली.

ही हकिगत कित्येक शतकं त्याच्या वाचकांना ठाऊक नव्हती. फिकाल्यु यांनी १८८६ मध्ये त्याचं जाडजूड चरित्र लिहिलं त्यातही ती नाही. १९३४ मध्ये आगुस्तु द सिल्व्हा कार्व्हाल्यु यांनी धर्मन्यायालयाची दफ्तरं उपसली तेव्हा ती बाहेर आली. लग्नाबद्दल, बहिणींबद्दल, घरातल्या रीतींबद्दल आज जे ठाऊक आहे त्यातलं बरंचसं त्याच दफ्तरांतून येतं. स्वतः ऑर्ताने आपल्या पुस्तकात आंब्याची पाटी आणणाऱ्या कुळाचं नाव दिलं, पण आई, बायको आणि बहिणी यांच्याविषयी तो जवळजवळ गप्प आहे.

ही माहिती हातात आल्यावर स्पेनमध्ये असतो तर गॅलेनविरुद्ध बोललो नसतो हे वाक्य पुन्हा वाचावं. १९३४ च्या आधीच्या अभ्यासकांना त्यात विद्यापीठातल्या गुरूंचा धाक दिसत होता. तोही असेल. पण ज्याच्या बहिणी एकदा लिस्बनच्या तुरुंगात जाऊन आल्या आहेत, ज्याच्या ओळखीचा एक वैद्य ह्याच शहरात जळाला असण्याची दाट शक्यता आहे, आणि ज्याच्या दारापासून धर्मन्यायालय काही गल्ल्यांवर आहे, त्या माणसाने अधिकारवाणीपेक्षा डोळ्यांनी पाहिलेलं मोठं हे तत्त्व फक्त मुळ्या आणि सालींपुरतंच ठेवलं. देवाधर्माच्या बाबतीत पुस्तकभर तो अगदी आज्ञाधारक ख्रिस्ती आहे.